खिडकीबाहेरचा पडदा

मागच्या एप्रिलमध्ये घराला नवे पडदे घ्यायचे म्हणून अमरावतीच्या एका दुकानात गेलो होतो. दुकानदार मोठा अगत्यशील. बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला, "सोफ्याचा रंग कोणता?" मग भिंतीचा रंग विचारला, फरशीचा विचारला, बजेट विचारले. रोलर, व्हर्टिकल, वेनेशियन, ब्लॅकआउट अशी नावे सांगत नमुन्यांच्या जाडजूड वह्या पुढ्यात उघडल्या. दिवाणखान्याला अमुक, झोपण्याच्या खोलीला तमुक, मुलांच्या खोलीला कार्टूनची चित्रे. तासाभरात त्याने जे विचारले नाही ते एकच. खिडकी कोणत्या दिशेला आहे?

आमच्या वलगावच्या जुन्या घरात हाच प्रश्न आधी असायचा. मार्च सरत आला की आजी सांगायची, "मावयतीच्या खिडकीले ताटी लाव. दक्षिनेले काही लागत नाही." आजी शाळेत गेली नव्हती. पण तिच्या त्या दोन वाक्यांत जे शहाणपण होते, ते कुठून आले आणि आपण ते कुठे ठेवून विसरलो, हे आज थोडे तपासून पाहू.

वलगाव अमरावतीहून परतवाड्याच्या वाटेवर, दहा-बारा किलोमीटरवर, पेढी नदीच्या काठी आहे. बाहेरच्या माणसाला हे नाव माहीत असते ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना पेढीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला. एरवी वऱ्हाडातल्या शंभर गावांसारखे हे एक गाव. भोवती काळी जमीन, मध्ये वस्तीची पांढरी, आणि त्या पांढरीतल्याच मातीने बांधलेली घरे.

या घरांना खिडक्या जवळजवळ नसतच. भिंत दीड-दोन हात जाड, वर धाबे, समोर ओसरी, आत अंधारे माजघर. उजेडासाठी वर एखादे भोक, हवेसाठी एखादा झरोका. त्याचे एक कारण चोर-दरोडेखोर हे होते. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांनी या मुलखाला जे भोगायला लावले, त्यानंतर रस्त्याकडे मोठी खिडकी ठेवण्याचे धाडस कोण करणार? अमरावती शहराला परकोट घातला गेला तो याच भीतीने. पण दुसरे कारण ऊन. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते आणि आत त्याची झळ पोचेपर्यंत रात्र होते. रात्री तर माणसे धाब्यावर झोपायला गेलेली असतात. म्हणजे भिंत हाच पडदा होता, निराळा लागत नव्हता.

जिथे भोक ठेवावेच लागे तिथे ताटी आली. तुराट्या, पऱ्हाट्या, बांबूच्या कामट्या, गवत, जे हाताशी असेल त्याची विणलेली झापड म्हणजे ताटी. शब्द जुना आहे. ज्ञानेश्वर रुसून झोपडीचे दार लावून बसले आणि मुक्ताबाईने त्यांना ते उघडायला विनवले, ते ताटीचे अभंग मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या अभंगांतली ताटी आणि इंग्रजांच्या बंगल्यातली 'टॅटी' एकाच कुळातली. साहेबांनी शब्द उचलला तो हिंदीतल्या टट्टीवरून, म्हणजे आडोशावरून. हिंदीत पुढे त्या आडोशाच्या मागे जे होते त्यालाच तो शब्द चिकटला आणि आडोसा बिचारा बदनाम झाला. असो.

साहेबाची टॅटी मात्र गवताची नव्हती, वाळ्याची होती. वाळा म्हणजे खस, संस्कृतातले उशीर. ओलसर जागी, नदी-तळ्याच्या काठी वाढणारे हे गवत. त्याची मुळे जमिनीत खोल जातात आणि ओली झाली की सुगंध सोडतात. उन्हाच्या तापावर वाळ्याचा लेप ही फार जुनी गोष्ट आहे; कालिदासाच्या शाकुंतलात तिसऱ्या अंकाच्या आरंभीच शकुंतलेसाठी वाळ्याचा लेप चालला आहे. वाळ्याच्या भिंती करून त्यांवर पाणी शिंपडायची युक्ती मात्र अबुल फज़लने आईन-ए-अकबरीत थेट अकबर बादशहाच्या नावावर लिहून ठेवली आहे. ऐन उन्हाळ्यात त्यामुळे हिवाळा उतरतो, असे तो म्हणतो. दरबारी लेखक चांगली कल्पना दुसऱ्या कुणाच्या नावावर सहसा जाऊ देत नाहीत, हे लक्षात ठेवून त्यावर विश्वास ठेवावा. एवढे खरे की सोळाव्या शतकात खसखाना ही श्रीमंतांच्या घरातली माहितीची वस्तू झाली होती. (इंग्रजीत वाळ्यालाही खसखस म्हणतात, त्यामुळे जुनी पुस्तके वाचताना साहेबाने खिडकीला खसखस का टांगली असा घोटाळा होतो.)

ओल्या ताटीने हवा थंड होते ती वाळ्यामुळे नव्हे, पाण्यामुळे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर नेते. सात-साडेसात लिटर साधे पाणी उकळीला आणायला लागेल तेवढी ही उष्णता. ती नेते कुठून? ताटीतून आत येणाऱ्या वाऱ्यातून. म्हणून ४४ अंशांचा फुफाटा ओल्या वाळ्यातून गाळून आत येतो तेव्हा तीसच्या आसपास उतरू शकतो. अट एकच, हवा कोरडी हवी. म्हणूनच हा उपाय वऱ्हाडात, नागपुरात, माळव्यात, दिल्लीत चालला आणि कोकणात कधी रुजला नाही. रत्नागिरीच्या माणसाने मे महिन्यात खिडकीला ओली ताटी लावली तर घर थंड होणार नाही, भिंतीला बुरशी मात्र येईल. मुंबईचा पडदा मुंबईत शोभतो, अमरावतीत त्याचे काय करायचे, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. तो आपण विचारला नाही, त्याकडे पुढे येतोच.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच्याही आधीपासून एलिचपूरला, म्हणजे अचलपूरच्या बाजूला परतवाड्याला, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी, मग कचेऱ्या, मग डाकबंगले असे करत व्हरांड्याचे, उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे घर या मुलखात आले. खिडकी मोठी झाली की तिला झाकणे आले. बंगल्यात त्याचे तीन थर असत. सगळ्यात बाहेर व्हरांडा आणि त्याच्या कमानींत सोडलेली बांबूची चिक. मग खिडकीची झिलमिल, म्हणजे फळ्या वरखाली करता येतील अशी झडप. आणि वाऱ्याच्या बाजूच्या दारा-खिडक्यांत उन्हाळ्यापुरत्या बसवलेल्या वाळ्याच्या ताट्या. कापडी पडदा असलाच तर सगळ्यात आत, आणि तो शोभेला. ऊन अडवायचे काम त्याच्याकडे नव्हते.

वारा पडला की ताटीचा उपयोग संपतो. त्यावर १८३० च्या सुमारास एक यंत्र निघाले, थर्मँटिडोट. लाकडाचे मोठे पिंप, बाजूंना ओला वाळा, आत हाताने फिरवायचा पंखा, आणि तोंड खिडकीत. आजचा कुलर पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. पुढे १८७० च्या दशकात जीआयपी रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या काही डब्यांतही ओल्या वाळ्यातून हवा खेळवण्याची सोय झाली. याच कंपनीची गाडी कापसासाठी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली होती, १८६७ साली.

आता यात एक माणूस राहून गेला. ताटीवर पाणी कोण मारत होते? तापलेल्या वाऱ्यात ताटी थोड्याच वेळात वाळते. म्हणजे सकाळी दहापासून सूर्य कलेपर्यंत कुणीतरी पखाल किंवा घागर घेऊन बाहेर, उन्हात, उभे असले पाहिजे. ताटीच्या आतल्या बाजूला थंडावा आणि बाहेरच्या बाजूला भिस्ती. छताचा पंखा ओढणारा मजूर तसाच भिंतीपलीकडे दोरी धरून बसलेला, रात्रीसुद्धा. त्याला डुलकी लागली म्हणून साहेबाने लाथ मारली आणि तो मेला, असे खटले त्या काळी हिंदुस्थानभर होत. प्लीहा वाढलेली होती, तीच फुटली, असे सांगून आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटत. देशी वर्तमानपत्रांनी हे प्रकार लावून धरले आणि कर्झनसारख्या व्हाइसरॉयलाही त्यांची दखल घ्यावी लागली. उन्हाळ्याच्या सावलीचा इतिहास लिहायचा तर हा भाग गाळता येत नाही.

आणि आमचे वलगाव याच वाटेवर. अमरावतीचे साहेब लोक उन्हाळ्यात सुमारे ३६०० फूट उंचीवरच्या चिखलदऱ्याला जात ते याच बाजूने, पेढी ओलांडून, परतवाड्यावरून. खालच्या मुलखातले, पाणी मारणारे आणि दोरी ओढणारे बहुतेक खालीच राहत.

बंगल्यातली चाल वाड्यांत यायला वेळ लागला नाही. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तोवर कापसाच्या व्यापाराने आणि वकिलीने शहरात नवी घरे उभी राहिली होती. व्हरांडे आले, मोठ्या खिडक्या आल्या, ताट्या आल्या. पण वाड्याने बंगल्याची नक्कल जशीच्या तशी केली नाही. खोलीखोलीला निराळा विचार झाला, आणि मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

दिवाणखान्याला आणि माडीला चिक. बांबूच्या बारीक कामट्या सुतळीने गुंफलेली, कडेला कापडाचा गोट, वरून गुंडाळता येणारी. चिकेची गंमत अशी की अंधाऱ्या बाजूच्या माणसाला उजेडातले दिसते, उजेडातल्याला अंधारातले दिसत नाही. ज्या देशमुखी घराण्यांत गोषा होता तिथे बायकांना रस्ता, वरात, सोंगे, पोळ्याचे बैल दिसायचे ते चिकेतून. पण दिवा लागला की हिशेब उलटा होतो. आत उजेड, बाहेर अंधार, आणि चिक असून नसल्यासारखी. म्हणून दिवेलागणीला चिकेच्या आतली लाकडी झडप लागायची. ऊन, वारा आणि लोकांची नजर, तिन्ही एकाच वस्तूने अडवायची हौस आपल्याला आहे. त्या बायकांना पक्के ठाऊक होते की दिवसाचा पडदा रात्री चालत नाही.

स्वयंपाकघराला काहीच नाही. चुलीजवळ कापड नको, कामट्या नकोत. पेट घेईल, नाहीतर काजळी धरेल. वर धुराडे आणि गजांची उघडी खिडकी. आज ओट्यावरच्या खिडकीला झालरीचे पडदे पाहिले की मला त्या गॅसच्या ज्योतीची काळजी वाटते.

बाळंतिणीची खोली ही मात्र दु:खाची गोष्ट. तिथे ऊन नव्हे, वारा शत्रू मानलेला. दाराला गोधडी, झरोक्याला तरट, आत शेगडीचा धूर, आणि त्या काळोखात ओली बाळंतीण आणि तान्हे मूल. या एका पडद्याने किती जीव कोंडले असतील कोण जाणे. नंतर सुईणींना प्रशिक्षण मिळाले, नर्सबाई घरोघर जाऊ लागल्या आणि ती गोधडी हळूहळू निघाली. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावे झाडत होते, तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. तेव्हा कुठे घरात हवा येऊ द्यावी, एवढी साधी गोष्ट सांगायला आमच्या भागात जोर आला. म्हणून 'जुने ते सगळे शहाणे' असे म्हणायला मी तयार नाही.

मावळतीच्या खोलीला ताटी, तीही बाहेरून. इथे आजीच्या वाक्याकडे परत येतो. अमरावती २१ अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. एप्रिलमध्येही ते इतके उभे असते की हातभर छज्जा त्याला पुरतो. हिवाळ्यात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला निम्म्यावर उतरतो आणि तेच ऊन खिडकीतून आत येते, हवेहवेसे. अशा खिडकीला जाड पडदा कशाला? मावळतीचे उलट. तीन वाजल्यापासून सूर्य तिरपा होतो, छज्जाखालून सरळ आत घुसतो, आणि तेव्हा भिंती, धाबे, हवा सगळेच तापून कळसाला पोचलेले असते. उगवतीलाही ऊन तिरपेच येते, पण रात्रीने घर निवलेले असते म्हणून ते सोसते. उन्हाळ्यात सूर्य मावळतो तो वायव्येकडे सरकून, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही संध्याकाळी थोडी तिरीप लागते. हे सगळे आजीने कोष्टक मांडून काढले नव्हते. ओसरीवर बसून पन्नास उन्हाळे पाहिले की कळते.

मग ताटी बाहेरून का? ऊन आत येण्याआधी अडवले तर ताटी तापते आणि तिची उष्णता वाऱ्यावर बाहेरच जाते. काचेच्या आत पडदा लावला तर काचेतून आलेले ऊन पडद्याला तापवते आणि तो पडदा खोलीला. उजेड अडतो, म्हणून आपल्याला थंड वाटते. ऊब आत येऊन बसलेली असते, आणि काच तिला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. या एका वीतभर अंतराने, खिडकीच्या आत की बाहेर, सगळा फरक पडतो.

आता ते अंतर आपण कधी ओलांडले? कापडी पडदा आपल्याकडे उशिरा आला, हे ऐकून आश्चर्य वाटेल. हा तर कापसाचा देश. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे बडनेऱ्याला, अकोल्याला, अचलपूरला गिरण्या निघाल्या. पण शेतकऱ्याच्या घरात कापड अंगाला पुरेना, खिडकीला कुठले? खिडकीला मिळायचे ते बारदान. फाटके पोते ओले करून टांगायचे. वाळ्याची ताटी परवडत नसे त्याची ताटी तीच, आणि पाणी मारायला घरातले पोर. मीही ते काम केले आहे. दुपारी डोळा लागू लागला की आतून हाक यायची, "पानी मारलं का रे ताटीले?" आमच्याकडचे पाणी पुरेसे गोडे होते. खाली पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे. त्याने ताटी भिजवली की महिन्याभरात तिच्यावर पांढरी पुटे चढतात आणि वाराच जाईनासा होतो.

गावोगाव सिमेंटच्या स्लॅबची घरे आली तेव्हा धाबे गेले, जाड भिंत गेली, खिडकी मोठी झाली, तिला काच लागली आणि पडदा आत आला. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो आत असतो म्हणून आपल्याकडेही आत. त्याच सुमारास कुलर आला आणि ताटीच्या कामावर त्याने कब्जा केला. नीट पाहिले तर कुलरच्या तीन बाजूंना गवताच्या नाहीतर लाकडाच्या कातरणाच्या ज्या जाळ्या असतात, त्या ताट्याच आहेत. फक्त पाणी मारायला आता मोटर आहे, आणि ते मला चांगलेच वाटते. भिस्ती सुटला, पोर सुटले. पण कुलर खिडकीत बसला आणि ती खिडकी बारा महिने बंद झाली. रात्री सगळे उघडे ठेवायचे, सकाळी नऊच्या आत सगळे बंद करायचे, ही उघडझाप घरातून गेली. कुलरच्या टाकीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. नि वीज गेली की काचेच्या खिडकीचे, आत पडदा लावलेले घर ज्या वेगाने तापते, तो अनुभव श्रोत्यांपैकी कुणाला नाही?

ज्यांच्या घरावर टिनाचे पत्रे आहेत त्यांचे हाल याहून वाईट. त्यांना रंग जुळवायचा नसतो. दारात ओली साडी, खिडकीवर पोते, आणि अलीकडे हिरवी जाळी. रोपवाटिकांत रोपांवर घालायची ही जाळी आता वलगावात गल्लीगल्लीत दिसते, पत्र्यापासून समोरच्या खांबापर्यंत तारेने ताणलेली. दिसायला ती काही फार देखणी नाही. पण ती बाहेर आहे. अमरावतीच्या चांगल्या वस्तीतल्या कितीतरी घरांना जे जमले नाही ते त्या जाळीवाल्याला जमले आहे. उष्माघाताने माणसे दगावतात त्या मुलखात ही बाब लहान नाही.

दुकानातून मी त्या दिवशी काही न घेता बाहेर पडलो. दुकानदाराचा दोष नाही. गिऱ्हाईक जे विचारते तेच तो दाखवतो. चौकशी करत करत एका बुरूड कारागिराकडे पोचलो. तो सुपे आणि टोपल्या विणत बसला होता. चिकेचे काम आता फारसे येत नाही, म्हणाला. मी माप सांगायला लागलो तर हात वर करून थांबवले. "खिडकी मावयतीची हाये का?" होय म्हटले. "मंग बाहेरून लावा लागते. आतून लावली त काय फायदा?" खिशातला खडू काढून त्याने भिंतीवर लिहिले, साडेचार बाय चार. कामट्या हिरव्या बांबूच्या काढाव्या लागतील, आठ दिवस लागतील, आणि मिरग लागायच्या आत काढून कोरड्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर एका पावसात कुजेल, म्हणाला. पैसे निम्मे आगाऊ घेतले.